बाळ येण्याआधी फ्रीझर भरायचाय: चिकन-पास्ता कसा गोठवू?

गारठलेला_कोल्हापूरकर

मंडळी, नमस्कार. मुक्काम रोचेस्टर, मिनेसोटा. आज बाहेर उणे १८, म्हणजे फ्रीझर आणि अंगण यांत सध्या फरक एवढाच की फ्रीझरला झाकण आहे.

बायकोची तारीख जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली. सासूबाईंना व्हिसाच्या मुलाखतीची तारीख उशिराची मिळाली, त्या आता फेब्रुवारीअखेर पोहोचतील. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचंय, तिला विमानात बसवणं शक्य नाही. म्हणजे मधले पाच-सहा आठवडे स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. सोबतीला चार वर्षांचे चिरंजीव. ते सध्या दोनच गोष्टी खातात: मेतकूट-तूप-भात आणि 'शंख', म्हणजे शेलच्या आकाराचा पास्ता.

मला स्वयंपाक येत नाही असं नाही. तांबडा-पांढरा येतो, सुकं मटण येतं, पण त्याला अख्खा रविवार आणि ताजं डोकं लागतं. रात्री तीनला उठलेला माणूस संध्याकाळी सातला कांदा परतायला घेईल, ही अपेक्षा मी स्वतःकडून ठेवत नाही. शिवाय बायकोला ॲसिडिटीमुळे तिखट बंद आहे आणि मटणाचा वास सहन होत नाही. उरलं चिकन.

ऑफिसातले सगळे म्हणतात, आधीच करून गोठवून ठेव. त्या भरात ५ घनफुटांचा आडवा फ्रीझर आणून गॅरेजमध्ये ठेवला. पण पहिल्या बाळाच्या वेळी एकांनी प्रेमाने चिकन-पास्त्याचा गोठवलेला ट्रे दिला होता, त्याची आठवण काही चांगली नाही. कडा कडक, मधे लगदा, पांढऱ्या सॉसचं पाणी वेगळं आणि रवाळ गोळे वेगळे. चिकन चावून जबडा दुखला. देणाऱ्याच्या मनाबद्दल तक्रार नाही, पण तसे वीस ट्रे मला करायचे नाहीत.

तर प्रश्न असे. पास्ता शिजवून गोठवायचा की नुसता सॉस? पांढरा सॉस फाटू नये म्हणून काय करतात? चिकन कच्चं ठेवायचं की शिजवून? येत्या शनिवार-रविवारी सगळं एकदम उरकायचं डोक्यात आहे, वीसेक जेवणं. मोठं पातेलं गार करायला बाहेर बर्फात ठेवलं तर चालेल का? निसर्गाने फुकट दिलेला फ्रीझर आहे, वापरावा म्हणतो.

'डबा लावा' असं कृपया सांगू नका. इथे डबा देणाऱ्या एक काकू आहेत, त्या हिवाळाभर नागपूरला असतात. शहाण्या आहेत.

---

पिठलं_भाकरी

अभिनंदन. पण राग मानू नका, महिन्यापूर्वीचं चिकन म्हणजे शिळंच की हो. बाळंतिणीला गरम, ताजं, हलकं द्यावं. कुकरला मुगाची खिचडी टाका, वीस मिनिटांत होते. एवढा खटाटोप कशाला?

---

आत्याबाई

पिठलंभाऊ, खिचडी वीस मिनिटांत होते, कबूल. पण मूग धुणारे हात त्या वेळी मोकळे असतील याची हमी तुम्ही देताय का? आणि शिळं म्हणजे ओट्यावर राहिलेलं, जंतूंना रात्रभर आंदण दिलेलं. उणे १८ ला जंतू वाढतच नाहीत. चव आणि पोत तेवढे हळूहळू उतरतात.

कोल्हापूरकरा, तुला सरळ अरेतुरे करते, नावातच आत्या आहे. मी न्यू जर्सीतल्या एडिसनची. माझी पोरं कधीच घराबाहेर पडली, आता आमच्या ओळखीतल्या पोरींचे फ्रीझर भरून द्यायचं खूळ आहे मला. पास्ता मात्र मी उशिराच शिकले, तो एका मुंजीच्या स्वयंपाकाला आलेल्या इटालियन शेजारणीकडून. ती कथा पुन्हा कधीतरी.

तुझ्या त्या ट्रेचं काय झालं ते सांगते. त्यात आधीच पूर्ण शिजलेला पास्ता होता. शिजलेला पास्ता सॉसमध्ये पडला की पाणी पितच राहतो: गार होताना पितो, वितळताना पितो, ओव्हनमध्ये पुन्हा शिजतो. सॉस संपला की कडा वाळतात, आणि मधला भाग तोवर खीर झालेला असतो. म्हणून माझा नियम: गोठवायचं ते सॉस आणि चिकन. पास्ता त्या दिवशी उकडायचा. पाणी उकळायला ठेवणं आणि डब्यावर लिहिलेली मिनिटं मोजणं झोपाळलेल्या बापालाही जमतं. तेवढ्यात सॉसचं पाकीट पातेल्यात वितळतं. वीस जेवणांपैकी बारा तरी अशीच कर.

उरलेली आठ ओव्हनची, कारण काही रात्री पाणी उकळण्याइतकीही ताकद नसते. तिथे पास्ता जाडच हवा. झिटी, रिगाटोनी, पेने, मोठे शंख. स्पॅगेटी आणि बारीक शेवया या भानगडीत आणू नकोस. डब्यावर ११ मिनिटं लिहिली असतील तर ८ मिनिटांनी काढ, मधे पांढरा ठिपका दिसायला हवा. गार पाण्याखाली धर. एरवी पास्ता धुणाऱ्याला माझी शेजारीण घराबाहेर काढेल, पण इथे त्याचं शिजणं थांबवायचं आहे, म्हणून माफ. आणि सॉस तुला योग्य वाटेल त्याच्या दीडपट घाल. ट्रे भरताना तो ओला पचपचीत दिसला पाहिजे. नीटस दिसला तर समज कमी पडलंय.

माझं एका डब्याचं माप: १ पौंड झिटी, २ पौंड बिनहाडाच्या चिकनच्या मांड्या, २४ औंसाच्या दोन बरण्या टोमॅटो सॉस, १५ औंसांचा रिकोटाचा (मऊ, पनीरसारख्या चीजचा) डबा, त्यात एक अंडं फोडून, आणि वर दोन मुठी मोझरेला. यातून ८ बाय ८ इंचांचे दोन ट्रे होतात. ९ बाय १३ चा एकच मोठा ट्रे करू नकोस. तुम्ही अडीच माणसं, आणि मोठा ट्रे मधे वितळेपर्यंत कडा जळतात.

चिकन मांडीचंच घे. छातीचं पांढरं मांस एकदा शिजलं, गोठलं, पुन्हा तापलं की भुसा होतं. मांडीत चरबी आणि जाळी असते, ते दुसऱ्या आचेलाही मऊ राहतं. सॉसमध्येच मंद शिजव, काट्याने मोठे मोठे तुकडे कर, आणि सॉसमध्ये पूर्ण बुडवून गोठव. शिजलेल्या चिकनला हवा लागली की त्यातली चरबी बिघडते आणि तो एक जुनाट, पुठ्ठ्यासारखा वास येतो. सॉस हे त्याचं पांघरूण. अगदीच वेळ नसेल तर कॉस्को या घाऊक दुकानातली ४.९९ डॉलरची भाजलेली कोंबडी आण, घरी आल्या आल्या गरम असतानाच सोल, सॉसमध्ये ढकल. हाडांचं पाणी कर, तेही गोठव.

कच्चं चिकन मसाला लावून पिशवीत गोठवलं तरी उत्तम, उलट चव जास्त टिकते. पण ते त्या दिवशी शिजवावं लागेल. आणि गोठलेलं कच्चं चिकन थेट स्लो कुकरमध्ये टाकू नकोस. ते भांडं इतकं हळू तापतं की चिकन तासन्‌तास कोमट राहतं.

आता गार करणं, कारण खरा धोका तिथेच आहे. ४० ते १४० फॅरनहाइट, म्हणजे आपले ४ ते ६० सेल्सिअस, या पट्ट्यात जंतूंचं फावतं. दोन तासांच्या आत अन्न फ्रिजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये गेलं पाहिजे. खोल पातेलं मधोमध चार तासांनीही गरम असतं. पातेलं बर्फात ठेवायची तुझी कल्पना आमच्या ह्यांना फार आवडली, मला नाही. भुसभुशीत बर्फात हवा असते, ते उष्णता धरून ठेवतं. इग्लूत माणसं राहतात ती उगाच नाही. वर ऊन, खारी, रकून. सिंकमध्ये थंड पाणी आणि बर्फाचे खडे घाल, त्यात पातेलं ठेव, ढवळत राहा. नाहीतर पसरट ट्रेमध्ये दोन इंचांहून कमी थर ओत. अंगणातला बर्फ बादलीत भरून सिंकमध्ये आण, हवं तर. निसर्गाचा मान राहील.

आणि एका शनिवार-रविवारी वीस जेवणं? फ्रीझर हा थंड *ठेवणारा* डबा आहे, एका दमात थंड *करणारा* नाही. दर घनफुटाला दिवसाला २ ते ३ पौंड नवीन अन्न, त्याहून जास्त घालायचं नसतं. तुझ्या ५ घनफुटांत दिवसाला १० ते १५ पौंड. जास्त कोंबलंस तर सगळंच हळू गोठतं, बर्फाचे स्फटिक मोठे होतात, आणि वितळल्यावर चिकन पाणी सोडतं. चार संध्याकाळी वाटून घे. एक दिवस सॉस, एक दिवस ट्रे. दोन वेळा चिकनचा पसारा होईल, पण ओटा एकदाच पूर्ण हातातून जाण्यापेक्षा बरं.

---

गारठलेला_कोल्हापूरकर

आत्या, तुम्हाला साष्टांग. रकून खरंच येतो, कचऱ्याचा डबा त्याच्याच नावावर आहे.

दोन शंका. माझ्याकडे काचेचे ट्रे आहेत, तेच फ्रीझरमधून काढून ओव्हनमध्ये सरकवले तर? आणि मसाला. बायको तिखट खात नाही, पण नुसत्या टोमॅटो सॉसवर सहा आठवडे काढले तर मी कोल्हापूरला तोंड दाखवू शकणार नाही. लसूण, मिरी, थोडा गरम मसाला घालावा म्हणतो.

---

आत्याबाई

काचेचा ट्रे गोठलेला असताना तापलेल्या ओव्हनमध्ये गेला तर तडकू शकतो, आणि तडकतो तेव्हा नुसती भेग पडत नाही, तुकडे उडतात. माझी पद्धत अशी: काचेच्या ट्रेला आधी फॉइल लाव, त्यावर बेकिंगचा कागद, त्यात जेवण भर, गोठव. दुसऱ्या दिवशी ती वीट उचलून घे, गुंडाळ, पिशवीत घाल, वर तारीख लिही. ट्रे मोकळा. खायच्या आदल्या दिवशी वेष्टन काढून वीट परत त्याच ट्रेमध्ये, फ्रिजमध्ये वितळायला. कागद विसरू नकोस. टोमॅटोची आंबटाई फॉइलला खाते, बारीक भोकं पडतात.

मसाल्याचं कळीचं विचारलंस. मिरी, लवंग, लसूण, हिरवी ढोबळी मिरची यांचा स्वाद फ्रीझरमध्ये उग्र आणि कडवट होत जातो. मीठ मात्र फिकं पडतं. करी पावडरला कुबट वास येऊ शकतो. तेव्हा गोठवताना हात आखडता घे. गरम मसाला, लसणाची फोडणी, मिरपूड हे सगळं गरम करताना वरून. तुझ्या वाडग्यात कांदा-लसूण चटणीचा चमचा घाल, बायकोचं सौम्य राहील. एकाच पाकिटात दोन घरं नांदतील.

---

दोन_लेकरांची_आई

आत्यांनी सगळं सांगितलंय, मी फक्त खाणाऱ्या बाजूने बोलते. पहिला महिना मी एका हाताने जेवले, दुसऱ्यात बाळ. एका काट्यात उचलता येईल असंच करा. पेने चालतो, झिटी चालतो, चिकनचे तुकडे घासाएवढेच. हाडावरचं चिकन, सुरीने कापायचं चिकन, लांब शेवया, पत्र्याच्या थाळीत पसरणारं काहीही नको. खोल वाडगे काढून ठेवा.

आणि सगळा फ्रीझर पास्त्याने भरू नका. सुरुवातीचे दिवस तिला मऊ भात, मेथी, शेपू, अळिवाची खीर हेच हवंसं वाटण्याची शक्यता जास्त. पास्ता मुख्यतः तुमच्यासाठी आणि मुलासाठी आहे, हे मान्य करून टाका. मेथीची पानं धुऊन-चिरून, डिंकाचे लाडू, शिजवलेलं वरण हेही छान गोठतं. पिठलं_भाकरींचा मुद्दा तेवढ्यापुरता बरोबर होता.

मुलासाठी मोठे शंख करा. १२ औंसांचा डबा येतो. अर्धवट उकडा, आत रिकोटा, अंडं, चिकनचा खिमा आणि पालक भरा. पालक अगदी घट्ट पिळून, नाहीतर सगळं पाणी. ताटात सुटे सुटे मांडून गोठवा, कडक झाले की पिशवीत. मग तो म्हणेल तेवढे, चार म्हणाला तर चार, काढून सॉसवर ठेवायचे. आमच्याकडे मोजून देण्याचाच खेळ झाला होता.

---

स्टार्चवाली

पांढऱ्या सॉसचा प्रश्न राहिलाय, तो माझा पोटापाण्याचा विषय आहे.

मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घालून दूध घट्ट होतं, कारण स्टार्चचे कण फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. थंड झाल्यावर त्यातले अमायलोजचे सरळ रेणू एकमेकांना बिलगतात आणि मधलं पाणी बाहेर ढकलतात. गोठवण्यात हे आणखी वाढतं. वितळल्यावर दिसणारं 'फाटणं' बहुतेक वेळा दुधाचं नसतं, स्टार्चने हात सोडलेला असतो. म्हणूनच जोरात ढवळून, चमचाभर दूध घालून मंद आचेवर तापवलं की बरेचदा तो परत जुळून येतो. फेकून देण्याआधी एवढं करून बघा. ट्रेमध्ये मात्र ढवळता येत नाही, म्हणून तुमचा तो पांढरा ट्रे सुधारला नाही.

उपाय तीन. पहिला, पीठ बदला. चिकट तांदळाच्या पिठात अमायलोज जवळजवळ नसतं, त्यामुळे ते पाणी सोडत नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या कॅलिफोर्नियातल्या ऑल्बनीच्या प्रयोगशाळेने १९५० च्या आसपास गोठवलेल्या सॉससाठी हेच पीठ पडताळून पाहिलं होतं. आशियाई दुकानात जपानी मोचीसाठीचं म्हणून मिळतं. आपल्या भाकरीच्या तांदळाचं पीठ नव्हे, ते वेगळं. निम्मा मैदा, निम्मं हे, असं केलं तरी फरक पडतो.

दुसरा, चरबी आणि चीज. पातळ दुधापेक्षा घट्ट क्रीम बरं टिकतं. क्रीम चीजचा गोळा किंवा प्रोसेस्ड चीज घाला. प्रोसेस्ड चीजमध्ये चरबी आणि पाणी एकत्र बांधणारे क्षार असतात. भारतात अमूलचा क्यूब या कामाला उत्तम. चीजप्रेमी नाक मुरडतील, मुरडू द्या. दही आणि सावर क्रीम गोठवायच्या सॉसमध्ये नको, ते गरम करताना शेवटी.

तिसरा मला सगळ्यात आवडतो: पांढरा सॉस गोठवूच नका. चिकन, परतलेला कांदा, मशरूम, थोडा चिकनचा रस एवढंच पाकिटात. त्या दिवशी ते वितळवा, क्रीम ओता, चुरलेली कसुरी मेथी टाका, पाच मिनिटं. कसुरी मेथीचा पांढरा पास्ता मराठी घरांत का जमतो कोण जाणे, पण जमतो.

बटाट्याच्या फोडी गोठवू नका, रवाळ होतात.

---

कोथरूडकरीण

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडं. वरचं सगळं उणे १८ धरून चाललंय. आपल्या एका दाराच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात तेवढं तापमान असेलच असं नाही. आइस्क्रीम दगड होत असेल तर ठीक, चमचा सहज रुतत असेल तर त्या कप्प्यात महिन्याचा साठा करू नका, थोड्या दिवसांपुरतंच ठेवा. फ्रीझरचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घेऊन टाका.

वीज जाते तेव्हा दार उघडायचं नाही. गच्च भरलेला फ्रीझर न उघडता साधारण ४८ तास थंड धरतो, अर्धा भरलेला २४, खालचा फ्रिज फक्त ४. आमच्या भागात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, तेवढ्याने काही होत नाही. सुट्टीला गावी जाताना वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवते. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर आपल्यामागे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, सरळ टाकून द्यायचं.

माझ्याकडे ओव्हन नाही, त्यामुळे ट्रेचा प्रश्नच नाही. चिकन सेंटरवरून बिनहाडाचा लेग आणि खिमा, तिथेच करून घेते. कांदा, टोमॅटो, गाजर किसून, आलं, तेजपत्ता, मंद आचेवर. झिपच्या पिशवीत दोन जणांपुरतं भरायचं, पिशवी आडवी करून हाताने दाबून बोटभर जाडीची करायची, हवा काढायची, ताटावर सपाट गोठवायची. मग पुस्तकांसारखी उभी रचता येतात आणि गार पाण्यात टाकली की अर्ध्या तासात सुटतात. डब्यात गोठवलेला गोळा रात्रभर वितळत नाही.

पास्ता घेताना पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेलं बघा. स्वस्तातला मैद्याचा पास्ता ताजासुद्धा चिकट होतो.

---

गारठलेला_कोल्हापूरकर

एवढं सगळं वाचून बायको म्हणाली, 'या लोकांनाच बोलावून घे.'

ठरलं ते असं: खिमा-टोमॅटोची आठ सपाट पाकिटं, मशरूम-चिकनची चार (क्रीम त्या दिवशी), झिटीचे आठ ट्रे, शंखांची एक भली मोठी पिशवी. शिवाय मेथी आणि वरण. हे चार संध्याकाळींत बसवतो.

आता ट्रे गरम करायचं गणित सांगा. आणि आत्या, तुमचे 'हे' माझ्या कल्पनेच्या बाजूने होते असं वाचलं, त्यांना विचारा, हा फ्रीझर गॅरेजमध्ये ठेवलाय ते बरं ना? गॅरेज तापवलेलं नाही.

---

आत्याबाई

ट्रे आदल्या रात्री नाही, आदल्या *सकाळी* फ्रिजमध्ये काढ. पूर्ण वितळायला चोवीस तास धर. मग ३७५ फॅरनहाइटला फॉइल झाकून साधारण ४० मिनिटं, झाकण काढून आणखी दहा-पंधरा. काढायचं विसरलास तर गोठलेली वीट धातूच्या भांड्यात घालून झाकून थेट ओव्हनमध्ये, सव्वा ते दीड तास. घड्याळावर विसंबू नकोस, थर्मामीटर मधोमध खुपस, १६५ फॅरनहाइट दिसलं पाहिजे. कडेला बुडबुडे आले म्हणजे मधे गरम झालं असं नसतं. झाकण लावण्याआधी कडांना अर्धी वाटी पाणी सोडलंस तरी चालतं.

पाकिटं फ्रिजमध्ये वितळली आणि बेत बदलला तर परत गोठवता येतात, चव थोडी उतरते. पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये सोडवलेलं त्याच वेळी तापवून खायचं. चिठ्ठीवर नाव, तारीख आणि पुढे काय करायचं तेही लिही: 'क्रीम घाल', 'फॉइल काढ'. पिशवी भरण्याआधी लिही, ओल्या पिशवीवर पेन चालत नाही. त्या दिवसांत तू लिहिलेलं तुलाच आठवणार नाही. दोन-तीन महिन्यांत संपव.

आमचे हे आयुष्यभर रेफ्रिजरेशनमध्येच होते, त्यांनी तुझा निरोप गंभीरपणे घेतला. म्हणतात, गॅरेज फार गारठलं तर कॉम्प्रेसरमधलं तेल घट्ट होतं, सुरू होताना तो अडखळतो. फ्रिज आणि फ्रीझर एकत्र असलेल्या यंत्राचं तर आणखी वाईट. खालचा फ्रिज आधीच गार, म्हणून कॉम्प्रेसर चालूच होत नाही, आणि एखादा दिवस ऊबदार गेला की वरचं वितळतं. तुझा नुसता फ्रीझर आहे, तेवढं बरं. माहितीपत्रकात किती तापमानापर्यंत चालेल ते बघ, 'गॅरेज रेडी' लिहिलं असेल तर निश्चिंत. नसेल तर तळघरात हलव, आणि आत्ताच हलव. भरल्यावर हलवायला तुझ्यासोबत कोण येणार आहे, बायको?

---

गारठलेला_कोल्हापूरकर

माहितीपत्रकात नाहीये. शेजाऱ्याला हाक मारलीय, आज रात्रीच तळघरात उतरवतो. एकच राहिलं: मोठे शंख कुठल्या रांगेत असतात? काल दुकानात सगळे आकार दिसले, हेच नाहीत.

---

दोन_लेकरांची_आई

पास्त्याच्याच रांगेत, पण अगदी वर नाहीतर अगदी खाली बघा, लझान्याच्या पट्ट्यांशेजारी. 'जंबो' लिहिलेलं हवं. 'मीडियम' आणि 'लार्ज' शेलमध्ये काही भरता येत नाही. नसलेच तर मॅनिकोटीच्या नळ्या घ्या आणि पिशवीचा कोपरा कापून त्यातून सारण दाबा. चिरंजीवांना नळ्या चालतात का, ते मात्र आधी विचारून घ्या.